एकट्याचा प्रवास आणि दुसऱ्याचे गाव

देशाटनाने मनुष्यास चातुर्य येते, हा सिद्धांत आपल्याकडे मुलांना बाराखडीपाठोपाठ शिकविला जातो, आणि त्याविरुद्ध आमची काहीएक तक्रार नाही. तक्रार आहे ती या जुन्या सिद्धांतास बाजूस सारून त्याच्या आसनावर अलीकडे येऊन बसलेल्या एका नव्या सिद्धांताबद्दल. तो असा की, प्रवास एकट्याने करावा, आणि तो जग पाहण्यासाठी नव्हे, तर स्वतःचा शोध घेण्यासाठी करावा. अलीकडच्या प्रवासवर्णनांत हा मंत्र कोठे ना कोठे आढळतोच. लेखक दक्षिण युरोपातील एखाद्या जुन्या बंदराच्या गावी जातो. समुद्रकाठी कॉफीचा पेला पुढे घेऊन बसतो. सूर्य अस्तास जातो. आणि आपण खरे कोण आहोत याचा लेखकास साक्षात्कार होतो. ते गाव कोणाचे, तेथे कोण राहते, ती माणसे कशावर जगतात, तेथील तट कोणी व कोणाच्या भीतीने बांधला, हे सारे प्रश्न त्या साक्षात्काराच्या तेजापुढे फिके पडतात. गावाचे नाव खोडून दुसरे घातले तरी वर्णनातील एक अक्षर बदलण्याची गरज पडू नये, अशी या लेखनाची अवस्था झाली आहे.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. एकट्याने प्रवास अवश्य करावा. तो करण्याजोगा आहे, किंबहुना काही गोष्टी एकट्यासच दिसतात. परंतु दुसऱ्याचे गाव हा आपला आरसा नव्हे. ज्यास केवळ स्वतःसच पाहावयाचे आहे, त्याने घरच्या आरशापुढे उभे राहावे. ते स्वस्त पडते, आणि त्यात दुसऱ्या कोणाचे नुकसान होत नाही.

येथे एक खुलासा करणे प्राप्त आहे. ‘आम्ही’ हे या पानांवरचे रूढ बहुवचन होय. गेला तो देह एकच होता, आणि तोही एक पिशवी व एक लहानसा शब्दकोश घेऊन. म्हणजे ज्या दोषांची चर्चा पुढे करावयाची आहे, ते सर्व आम्ही दुसऱ्याच्या अंगावर पाहिलेले नाहीत. त्यांतले बरेचसे आमच्याच अंगचे आहेत. गेलो ते क्रोएशियाच्या दक्षिण टोकास, अ‍ॅड्रियाटिक समुद्राच्या काठी वसलेल्या दुब्रोव्हनिक या गावी.

या गावाचे जुने नाव रागुझा. 1358 साली व्हेनिसच्या ताब्यातून ते सुटले, तेव्हापासून 1808 साली नेपोलियनचा सेनापती मार्मों याने ते राज्य खालसा करीपर्यंत, म्हणजे तब्बल साडेचारशे वर्षे, या मूठभर लोकांनी आपला कारभार आपण चालविला. आरंभी हंगेरीच्या राजाचे नाव डोक्यावर घेतले. पुढे तुर्की सुलतानास वर्षाला 12,500 दुकाटांची खंडणी भरली. पण गावाच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हाती दिल्या नाहीत. किल्ल्यांची गोष्ट तर अक्षरशः खरी आहे. रात्री वेशीचे दरवाजे बंद झाले म्हणजे त्यांच्या किल्ल्या ‘रेक्टर’ नामक मुख्याधिकाऱ्याच्या स्वाधीन होत. हा मुख्याधिकारी केवळ एका महिन्यासाठी निवडला जाई, आणि त्या महिन्यात सरकारी कामावाचून वाड्याबाहेर पाऊल टाकण्याची त्यास मुभा नसे. अधिकाराची चटक लागू नये यासाठी अधिकाऱ्यास महिनाभर जवळजवळ कैदेत ठेवणारे राज्य पृथ्वीवर दुसरे असेल तर आम्हास माहीत नाही. हे लोकशाहीचे राज्य होते असे कोणी समजू नये. सत्ता सरदार घराण्यांचीच होती. तरी याच सरदारांनी 1416 साली गुलामांच्या व्यापारास बंदी घातली, हेही नमूद केले पाहिजे.

या रेक्टरच्या वाड्यात महासभेच्या दालनाच्या दारावर एक लॅटिन लेख कोरलेला आहे. त्याचा आशय असा की, खाजगी गोष्टी विसरा आणि सार्वजनिक गोष्टींची काळजी वाहा. सभासद आत शिरताना त्यांनी आपले घर, आपला व्यापार, आपले भांडण दाराबाहेर ठेवावे, असा त्याचा हेतू. आम्ही त्या दारासमोर उभे होतो तेव्हा एक तरुण प्रवासी आला. त्याने दाराकडे पाठ केली, हात लांब करून स्वतःचे छायाचित्र घेतले, आणि तो पुढच्या दालनात गेला. खाजगी गोष्टी विसरण्याचा उपदेश त्याच्या मस्तकाच्या बरोबर वर आला असेल, आणि त्याच्या छायाचित्रात तो नीट वाचताही येत असेल. त्यास हसण्यापूर्वी आम्हास आठवले की, दहाच मिनिटांपूर्वी तटावर आम्हीही तेच केले होते.

या गावच्या नाटककाराने हा प्रकार पुष्कळ आधी ओळखला होता. मारिन द्रझिच याचे ‘दुंदो मारोये’ हे प्रहसन 1551 साली येथे रंगभूमीवर आले. त्यात म्हाताऱ्या मारोयेने आपल्या मुलास व्यापारासाठी पाच हजार दुकाट देऊन परगावी धाडले आहे. मुलगा रोमला जाऊन तेथे एका गणिकेपायी ते उधळीत बसला आहे. आणि बाप पैशांच्या व मुलाच्या शोधात मागोमाग रोमला पोचतो. परमुलुखात एकटे, खिशात दुसऱ्याचे पैसे, आणि आपण मुक्त झालो अशी समजूत! या स्थितीतील मनुष्य स्वतःस नायक मानतो, परंतु पाहणाऱ्यास तो विनोदी पात्र वाटतो, हे त्या नाटककारास कळले होते. आमच्या प्रवासवर्णनकारांस ते अद्याप कळावयाचे आहे.

दुसरे उदाहरण अधिक बोचणारे आहे. गावाच्या दक्षिण अंगास जेझुइट पंथाच्या देवळाकडे चढत जाणारा एक भव्य जिना आहे. तो 1738 सालचा. 2011 सालापासून ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या दूरचित्रवाणी मालिकेचे चित्रण या गावात होऊ लागले, आणि त्यातील एक गाजलेला प्रसंग या जिन्यावर घडला. तेव्हापासून जगभरचे लोक येथे येतात, त्या प्रसंगाची नक्कल करीत पायऱ्या उतरतात, आणि जातात. जिना वर कोठे पोचतो हे विचारणारा विरळा. तो ज्या चौकात पोचतो, तेथे देवळास लागूनच जेझुइटांचे जुने विद्यालय उभे आहे. याच गावी 1711 साली जन्मलेला रुजेर बोश्कोविच नावाचा मुलगा जेझुइटांच्या याच शाळेत शिकला, आणि 1725 साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, पुढील शिक्षणासाठी रोमला गेला. पदार्थाचे मूळ घटक म्हणजे आकारमान नसलेले बिंदू, आणि त्यांच्यामधील आकर्षण-अपकर्षण अंतरानुसार पालटते, अशी उपपत्ती त्याने 1758 साली व्हिएन्नात प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडली. पुढच्या शतकातील मोठमोठ्या पदार्थविज्ञानवेत्त्यांनी तिची दखल घेतली. तोही एकट्याने प्रवासास निघाला होता. पण तो स्वतःच्या शोधास निघाला नव्हता. म्हणूनच बहुधा त्यास काही सापडले.

कोणी म्हणेल, हा दोष कंपूने येणाऱ्यांचा आहे, एकट्यांचा नव्हे. कंपूचे प्रवासी आम्ही पाहिले आहेत. झेंडी घेतलेल्या व्यवस्थापकामागून चाळीस माणसे स्त्रादुन नावाच्या मुख्य रस्त्याने जातात, साडेबारा वाजता जेवतात, आणि संध्याकाळी जहाजात किंवा मोटारीत बसतात. आपल्याकडच्या कंपूंस तर परदेशातही पोहे आणि पुरणपोळी लागते. त्यांची थट्टा पुष्कळांनी केली आहे. आम्ही ती करणार नाही. त्यांच्या बाजूने एवढे तरी म्हटलेच पाहिजे की, ते स्वतःस तत्त्वज्ञ म्हणवीत नाहीत. आपण मजा करण्यास आलो आहोत हे ते मान्य करतात, आणि मजा करून परत जातात. एकटा प्रवासी मात्र त्यांच्याकडे नाक मुरडून पाहतो. आपण ‘पर्यटक’ नव्हे, ‘प्रवासी’ आहोत. आपला भार गावावर पडत नाही. आपण तेथील जीवनात मिसळतो, असा त्याचा पक्का ग्रह असतो. हा ग्रह किती खोटा आहे, हे आम्हास ज्या तऱ्हेने कळले, ती हकीकत येथे सांगितलीच पाहिजे.

हॉटेलात न उतरता आम्ही तटाच्या आत, एका अरुंद पायऱ्यांच्या गल्लीत, भाड्याने खोली घेतली होती. हेतू उदात्त होता: गावकऱ्यांमध्ये राहावे. किल्ली देण्यास एक वृद्ध बाई आल्या. त्या बसने ग्रूझ या बाहेरच्या बंदरवस्तीतून आल्या होत्या. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांनी पाण्याचा नळ, दिव्याची कळ, कचरा टाकण्याची वेळ समजावून दिली. आम्ही सहज विचारले, “आपण येथे जवळच राहता काय?” त्या म्हणाल्या, “येथेच राहत होते. ही माझ्या आईची खोली. माझा जन्म येथलाच.” मग त्यांनी खिडकीतील कुंडीस थोडे पाणी घातले, चादरीची एक सुरकुती हाताने साफ केली, आणि आम्हास नमस्कार करून, स्वतःच्याच घरातून पाहुण्याने निघावे तशा त्या पायऱ्या उतरून गेल्या. आम्ही ज्या गावकऱ्यांत मिसळण्यास आलो होतो, त्यांतील एक गावकरीण आम्हास जागा देण्यासाठी गाव सोडून गेली होती. गल्लीतील इतर दारांकडे नजर टाकली, तेव्हा दाराशेजारी बसविलेल्या किल्लीच्या लहान पेट्या दिसल्या. त्या रात्री तेथे जे कोणी झोपले, ते बहुतेक आमच्यासारखेच असावेत; प्रत्येक जण स्थानिक जीवन अनुभवीत होता, आणि स्थानिक मनुष्य तेवढा कोणी नव्हता.

हे आमच्या एका गल्लीचे गाऱ्हाणे नाही. 1991 साली या तटाच्या आत सुमारे पाच हजार माणसे राहत असत. आज ती संख्या दोन हजारांच्याही खाली गेली आहे. जहाजांच्या गर्दीवर 2019 साली काही तोडगा निघाला: एका वेळी दोनच मोठी जहाजे आणि सुमारे चार हजार उतारू, अशी मर्यादा ठरली. जहाज दिसते, मोजता येते, अडविता येते. पण एकेका पिशवीनिशी येणारे आम्ही एकटे कोण मोजणार? जहाजाचा उतारू चार तास रस्ता अडवितो. आम्ही घर अडवितो. एका माणसासाठी एक खोली, म्हणजे दरडोई हिशेब केला तर सर्वांत अधिक जागा खाणारा प्रवासी तो हाच, जो आपले पाऊल हलके असल्याचा अभिमान वाहतो.

आणि हे गाव कशातून वाचले आहे, तेही ध्यानात घेतले पाहिजे. 6 एप्रिल 1667 रोजीच्या भूकंपात ते जवळजवळ जमीनदोस्त झाले. स्त्रादुनवर आज जी एकसारखी घरे दिसतात, ती त्यानंतर ठरवून बांधलेली आहेत. 1979 साली युनेस्कोने त्याची जागतिक वारशात गणना केली, आणि पुढे बारा वर्षांनी, ऑक्टोबर 1991 मध्ये, युगोस्लाव्ह सैन्याने त्यास वेढा दिला. 6 डिसेंबर 1991 चा दिवस सर्वांत भयंकर गेला. जुन्या गावातील 824 इमारतींपैकी सुमारे दोनतृतीयांश इमारतींना तोफगोळे लागले. तटावरून खाली पाहिले तर ही कथा कौलांवर लिहिलेली दिसते: जेथे कौल फिकट, मातकट, शेवाळलेले, ते छप्पर जुने, जेथे ते भडक नारिंगी, ते छप्पर वेढ्यानंतर घातलेले. प्रत्येक प्रवासवर्णनात या ‘नारिंगी छपरांच्या सागरा’चे कौतुक असते. नारिंगी रंग ही जखमेची खूण आहे, हे त्या कौतुकात क्वचितच येते. स्पोंझा नावाच्या जुन्या जकातघरात त्या वेढ्यात मेलेल्या रक्षकांची छायाचित्रे लावलेली एक खोली आहे. आम्ही तेथे अर्धा तास होतो. बाहेर रस्त्यावर माणसांची रीघ लागली होती; आत आमच्यावाचून कोणी आले नाही.

तोफांनी जे साधले नाही, ते भाड्याने साधले. तोफांच्या माऱ्यात लोक तळघरांत बसून राहिले. शांततेच्या काळात ते स्वखुशीने निघून गेले. ‘स्वखुशीने’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजला आहे, कारण पहिला आक्षेप येथेच येणार. आक्षेपक म्हणतील, त्या बाईंवर कोणी जुलूम केला काय? त्यांना भाडे मिळते, गावाची भाकरी प्रवाशांवरच चालते. तुम्ही गेला नसता तर त्या अधिक सुखी झाल्या असत्या काय? हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच ‘कोणी जाऊ नये’ असा आमचा उपदेश नाही. पण भाकरी प्रवाशांवर चालते म्हणून प्रवाशावर काही कर्तव्यच राहत नाही, हे कोठले तर्कशास्त्र? गिऱ्हाईक दुकानदारास पैसे देतो, म्हणून तो दुकानदाराच्या देवघरात जोडे घालून शिरू शकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो स्त्रियांकडून येईल. त्या म्हणतील, पिढ्यान्पिढ्या आम्हास बापावाचून, भावावाचून, नवऱ्यावाचून उंबरठा ओलांडता आला नाही. आता कोठे एकटीने समुद्र ओलांडता येऊ लागला, तो तुम्ही कर्तव्याची यादी घेऊन वेशीवर उभे! या आक्षेपापुढे आम्ही मान लववितो. जिला घरात एक क्षण एकांत मिळाला नाही, तिला परक्या गावच्या बाकावर कोणाच्याही हाकेवाचून बसण्यात जे सुख आहे, त्याची किंमत आम्ही पुरुषांनी करू नये. ते सुख तिने अवश्य घ्यावे. पण मराठी स्त्रीच्या प्रवासलेखनाचा आरंभ कोठून झाला, याचेही तिने स्मरण ठेवावे. पंडिता रमाबाईंनी 1889 साली अमेरिकेविषयी ग्रंथ लिहिला, त्याचे नाव ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’. शब्दांचा क्रम पाहावा: आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. ज्या बाईंच्या स्वतःच्या आयुष्यात दहा कादंबऱ्यांचे दुःख भरलेले होते, त्यांनी परमुलुखात जाऊन तेथील राज्यव्यवस्था, शाळा, स्त्रियांच्या संस्था पाहिल्या आणि घरी बसलेल्यांसाठी लिहून काढल्या. स्वतंत्र स्त्रीचा प्रवास कसा असावा, याचा हा नमुना आपल्या भाषेत सव्वाशे वर्षांपूर्वीच पडला आहे. स्वतःचा शोध हा त्यापुढचा टप्पा नसून मागे सरकणे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग एकट्याने जाऊन करावे काय? याचे उत्तर आम्हास त्याच गावाने दिले. 1377 साली, महामारीच्या भयाने, रागुझाच्या सभेने असा कायदा केला की, रोगग्रस्त मुलुखातून येणाऱ्याने गावात शिरण्यापूर्वी जवळच्या मर्कान बेटावर किंवा त्सावतात गावी तीस दिवस काढावे. ‘क्वारंटाइन’चा हा जगातील पहिल्या कायद्यांपैकी एक. पुढे पूर्व वेशीबाहेर, समुद्राच्या अगदी काठाशी, अशा लोकांसाठी इमारतींची रांग बांधण्यात आली. ती आजही उभी आहे. ज्या गावाने एके काळी परक्यास तीस दिवस बाहेर थांबविले, त्या गावात आज परका तीन तासांत सर्व पाहून मोकळा होतो. आम्हास वाटते, तो जुना कायदा प्रवाशाने आपण होऊन स्वतःवर लादून घ्यावा. गावाबाहेर थांबण्याचा नव्हे, तर मत देण्यापूर्वी थांबण्याचा. कंपूस थांबता येत नाही. व्यवस्थापकाचे घड्याळ चालू असते. एकट्यास थांबता येते. एकटेपणाचा उपयोग असलाच तर तो हाच.

आम्हीही उशिरा का होईना, थांबलो. सकाळी सातला, जहाजे लागण्यापूर्वी, गुंदुलिच कवीच्या पुतळ्याभोवतीच्या चौकात बाजार भरतो. तेथे वाळलेली अंजिरे आणि साखरेत पाकविलेल्या नारिंगाच्या साली विकणाऱ्या बायका एकमेकींशी मोठ्याने बोलत असतात; हातगाड्यांची चाके फरसबंदीवर खडखडतात; कोठे वरच्या खिडकीतून दोरीवर कपडे वाळत घातले जातात; आणि पाठीवर दप्तर घेतलेले दोनचार विद्यार्थी गर्दी होण्याआधी शाळा गाठतात. त्या तासापुरते ते गाव गावकऱ्यांचे असते. शब्दकोशातून वेचलेल्या आठदहा शब्दांवर आम्ही अंजिरांचा भाव केला, चुकीचा उच्चार केला, बाई हसल्या आणि त्यांनी तो सुधारला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो; तिसऱ्या दिवशी त्यांनी आम्हास ओळखले. एवढेच. यात साक्षात्कार कसलाही नाही. पण तीन दिवसांत त्या गावातील एका मनुष्याने आम्हास ओळखले, आणि आम्ही एकास. स्वतःची नवी ओळख मात्र काही झाली नाही, आणि तिची उणीवही भासली नाही.

त्याच थांबण्यात आणखी एक धागा हाती लागला. या गावचा रक्षक संत व्लाहो. 3 फेब्रुवारीस त्याचा उत्सव होतो. त्याची गणना 2009 साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. हाच संत पोर्तुगीजांच्या भाषेत ‘साव ब्राझ’ होतो, आणि त्याच्या नावाचे एक देऊळ आपल्या गोव्यात, जुन्या गोव्याजवळ गवंडाळी येथे आहे; त्याचा संबंध क्रोएशियातील अभ्यासक रागुझाच्या व्यापाऱ्यांशी जोडतात. इतकी वर्षे गोव्यास जाऊन आम्ही ते कधी पाहिले नाही. दूरच्या गावात नीट लक्ष दिले तर जवळचे गावही दिसू लागते. स्वतःच्या अंतरंगाच्या वर्णनात गुंतलेल्यास ते दिसण्याचा संभव नाही.

असो. ज्यांना जावयाचे असेल त्यांनी जावे, एकट्याने जावे, गर्दीचा हंगाम टाळून जावे. जेथे अजून घरधनी राहतो अशा घरी उतरावे. थोडे शब्द शिकून जावे, आणि चार गावांऐवजी एका गावात चार दिवस अधिक राहावे. परत आल्यावर लिहावयाचे असेल तर अवश्य लिहावे. परंतु पुढील प्रवासवर्णन परीक्षणासाठी हाती येईल, तेव्हा आम्ही त्यात लेखकास कोठे काय वाटले हे शोधणार नाही. त्याने खोलीची किल्ली कोणाच्या हातून घेतली, ते मनुष्य आता कोठे राहते, आणि त्याने ते विचारले होते काय, एवढेच आम्ही पाहू.